मूल्यवर्धित कराचा परतावा : पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

आपण कर भरला याचा पुरावा नागरिकाने सरकारला द्यावा, हे न्याय्य आहे. त्याविषयी कोणाही समाजवाद्याचे दुमत असणार नाही. परंतु आपल्याला माल विकणाऱ्या दुसऱ्या इसमाने आपल्याकडून घेतलेला कर सरकारी तिजोरीत भरला की नाही, याचीही हमी त्याच नागरिकाने द्यावी, आणि ती देता आली नाही तर तोच कर त्याने दुसऱ्यांदा, व्याजासह भरावा, असा दंडक जेव्हा राज्यसंस्था घालून देते, तेव्हा तिला करवसुली म्हणता येत नाही. स्वतःचे काम दुसऱ्याच्या माथी मारून मोकळे होण्याचा तो प्रकार आहे. महाराष्ट्रात २००५ पासून मूल्यवर्धित कराच्या आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या अमदानीत परतावा व वजावट यांच्या वादांत नेमके हेच चालत आले आहे.

साथींनो, हा विषय पक्षाच्या साप्ताहिकात कशाला, असे काहींना वाटेल. परतावा म्हणजे व्यापाऱ्याचे दुखणे. ज्याने काट्यात मारले, कटती लावली, शेतकऱ्याचे चुकारे थकवले, त्याच्यासाठी आपण का रडावे, असा प्रश्न बैठकांतून मला अनेकदा ऐकावा लागला आहे. प्रश्न रास्त आहे. बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याच्या बाजूने आपण जी भांडणे केली, त्यांतले एकही मागे घ्यावे असे मी म्हणत नाही. पण अप्रत्यक्ष कराचा एक साधा नियम आहे, जो अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकवला जातो : कर कोणाच्या नावावर जमा होतो आणि कोणाच्या खिशातून जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडवून ठेवलेला परतावा व्यापाऱ्याच्या वहीत दिसतो. त्याची किंमत मात्र ज्याला भाव ठरवण्याची ताकद नाही त्याच्याकडून वसूल होते. वऱ्हाडात तो माणूस म्हणजे कापूस पिकवणारा शेतकरी आणि जिनिंगमध्ये हंगामापुरते राबणारे स्त्री-पुरुष मजूर. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

प्रथम या कराचे तत्त्व समजून घेऊ. जुन्या विक्रीकरात कच्च्या मालावर कर लागे, पक्क्या मालावर पुन्हा लागे, आणि करावर कर चढत जाऊन शेवटी सारा बोजा ग्राहकावर पडे. त्यावर तोड म्हणून मूल्यवर्धित कर आला. फ्रान्समध्ये तो १९५४ साली सुरू झाला. आपल्याकडे अप्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या लक्ष्मीकांत झा समितीने १९७८ च्या अहवालात कारखानदारीपुरता त्याचा पुरस्कार केला. १९८६ साली विश्वनाथ प्रताप सिंग अर्थमंत्री असताना उत्पादन शुल्कात तो अंशतः आला. राज्यांच्या विक्रीकराच्या जागी तो आणण्याचे काम राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने केले. त्या समितीचे अध्यक्ष पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडी सरकारचे अर्थमंत्री असीम दासगुप्ता होते, हे आपण विसरू नये. जानेवारी २००५ मध्ये समितीची श्वेतपत्रिका निघाली आणि १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर अमलात आला.

या कराचे वचन सोपे होते. प्रत्येक टप्प्यावर विक्रेता कर आकारील. खरेदी करणाऱ्याने खरेदीवर जो कर दिला त्याची त्याला वजावट मिळेल. वजावट देय करापेक्षा जास्त झाली, तर फरक परत मिळेल. निर्यातीवरचा परतावा तीन महिन्यांत देऊ, असे श्वेतपत्रिकेने लेखी सांगितले होते. म्हणजे वजावट आणि परतावा हे या कराला चिकटवलेले शेपूट नव्हे, तो त्याचा कणा आहे. वजावट काढून घेतली की उरतो तो जुना विक्रीकरच. फक्त नाव नवे आणि कागद दुप्पट.

विक्रीकराशी वऱ्हाडचे नाते जुने आहे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले असताना, १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने पेट्रोल व वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. प्रांताला असा कर लावता येतो काय, हा वाद दिल्लीच्या फेडरल कोर्टापर्यंत गेला आणि कोर्टाने तो कर वैध ठरवला. देशातील विक्रीकराचा उगम असा आपल्या अंगणातला आहे. त्या वादात प्रश्न होता तो राज्यसंस्थेच्या अधिकाराचा. आज प्रश्न आहे तो राज्यसंस्थेच्या कर्तव्याचा. अधिकार पदरात पडला. कर्तव्याची गोष्ट निघाली की मात्र कायद्याचे पोटकलम पुढे केले जाते.

ते पोटकलम कोणते, ते पाहू. महाराष्ट्र मूल्यवर्धित कर अधिनियमाच्या कलम ४८ च्या पोटकलम ५ चा आशय असा, की त्याच मालावर पूर्वी जेवढा कर प्रत्यक्ष शासकीय कोषागारात भरला गेला असेल, त्याहून अधिक वजावट मिळणार नाही. वाचताना हे निरुपद्रवी वाटते. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा होतो : जिनिंगवाल्याने कापूस नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतला, बीजक घेतले, किंमत व कर धनादेशाने चुकता केला, आणि त्या व्यापाऱ्याने कर भरलाच नाही किंवा तो परागंदा झाला, तर जिनिंगवाल्याची वजावट बाद होते. विक्रेत्याला नोंदणी कोणी दिली? विक्रीकर खात्याने. त्याची विवरणपत्रे कोणाकडे येतात? विक्रीकर खात्याकडे. त्याच्या घरी जाण्याचा, त्याच्या वह्या जप्त करण्याचा अधिकार कोणाला? विक्रीकर खात्याला. आणि त्याने बुडवलेला कर भरायचा कोणी? ज्याच्या हाती यांतला एकही अधिकार नाही त्या खरेदीदाराने. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी कर खात्यासाठी केली नसेल. पण तिचा इतका चपखल उपयोग दुसरीकडे सापडणे कठीण.

या पोटकलमाला आव्हान दिले गेले, तेही कापसाच्याच धंद्यातून. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रेसिंग अँड ऑइल इंडस्ट्रीज या संस्थेने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ११ मे २०१२ रोजी निकाल दिला. वजावट हा मूलभूत हक्क नाही, ती कायद्याने दिलेली सवलत आहे, आणि सवलत देणाऱ्याला अटी घालता येतात, या भूमिकेवर न्यायालयाने पोटकलम वैध ठरवले. त्या वेळी शासनाने न्यायालयापुढे सांगितले होते, की कर बुडवणाऱ्या विक्रेत्यांविरुद्ध वसुलीची कारवाई केली जाईल आणि वसुली झाल्यावर खरेदीदाराला त्याचा लाभ दिला जाईल. न्यायालयाचा निकाल हा कायद्याचा अर्थ आहे आणि तो आपण शिरोधार्य मानतो. परंतु कायदा घटनेला धरून आहे एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. तो बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा, आणि विधिमंडळाला तो बदलायला लावण्याचा अधिकार लोकांचा आहे. शिवाय शासनाने दिलेल्या शब्दाचे काय झाले, कोणत्या जिल्ह्यात किती वसुली झाली आणि किती खरेदीदारांना लाभ मिळाला, याचा हिशेब जिल्हावार लोकांपुढे ठेवला पाहिजे, ही मागणी तर कोणत्याही निकालाने बाद केलेली नाही.

हाच प्रश्न त्याच वर्षी, अवघ्या सहा आठवड्यांनी, युरोपात निकालात निघाला, आणि तिथे उत्तर वेगळे आले. हंगेरीतील एका कंपनीने लाकडाचे ओंडके विकत घेतले होते. विक्रेत्याकडे तेवढा साठा नव्हता, त्याची कागदपत्रे सापडत नव्हती, म्हणून हंगेरीच्या कर खात्याने खरेदीदाराची वजावट नाकारली. २१ जून २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितले, की विक्रेत्याजवळ माल होता काय, त्याने कर भरला काय, याची तपासणी करणे हे खरेदीदाराचे काम नाही, ते कर खात्याचे काम आहे. खरेदीदाराला गैरव्यवहार ठाऊक होता किंवा तो त्याला कळायलाच हवा होता, हे खात्याने वस्तुनिष्ठ पुराव्याने सिद्ध करावे. ते सिद्ध झाले तरच वजावट नाकारता येईल. बीजकाशिवाय आणखी कागद जवळ नाहीत, एवढ्या कारणाने ती नाकारता येणार नाही. लक्षात घ्या, ही भांडवलशाही देशांची न्यायव्यवस्था आहे. मूल्यवर्धित कर आपण त्यांच्याकडून घेतला. त्याबरोबरची खात्याची जबाबदारी मात्र वाटेत कुठेतरी गळून पडली.

वस्तू व सेवा कर आला तेव्हा सांगितले गेले, की आता सारे संगणकावर असल्याने हे वाद मिटतील. काय झाले ते पाहा. नव्या कायद्याच्या कलम १६ मध्ये कर प्रत्यक्ष सरकारकडे भरला गेला असला पाहिजे, ही जुनी अट तशीच आली. १ जानेवारी २०२२ पासून तिच्या जोडीला आणखी एक अट आली, की विक्रेत्याने आपले बीजक संगणकावर चढवले असेल तरच खरेदीदाराला वजावट. कलम १५५ ने पुराव्याचा सारा भार वजावट मागणाऱ्यावर टाकला. विक्रेता नोंद करायला विसरला, आजारी पडला, त्याचा कर सल्लागार बदलला, तरी शिक्षा खरेदीदाराला.

मार्च २०२३ मध्ये कर्नाटकच्या मूल्यवर्धित कर कायद्याखाली, कॉफीच्या व्यापारातून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की केवळ बीजक व धनादेशाने दिलेली रक्कम दाखवणे पुरेसे नाही. विक्रेत्याचे नाव-पत्ता, माल आणणाऱ्या वाहनाचा तपशील, भाडे दिल्याचा पुरावा, माल मिळाल्याची पोच, कर-बीजक आणि रक्कम दिल्याचा तपशील, असे सर्व दाखवून व्यवहार खरा होता हे खरेदीदाराने शाबीत करावे. खोट्या बिलांच्या पार्श्वभूमीवर न्यायालयाला ही काळजी वाटली असेल, ते समजू शकते. पण ही यादी घेऊन आमच्या बाळापूर तालुक्यात या. वाडेगाव, उरळ, निंब्याकडच्या खेड्यांतून खेडा खरेदीचा कापूस ट्रॅक्टरने, टेंपोने निघतो. भाडे रोखीने दिले जाते. टेंपोवाला बिल्टी देत नाही, कारण त्याच्याकडे बिल्टीचे पुस्तकच नसते. काट्यावर मिळणारी पावती ज्या कागदावर छापलेली असते, त्यावरची शाई दोन उन्हाळ्यांत उडून जाते. वाद मात्र सुरू होतो तीन-चार वर्षांनी, आणि कायदा म्हणतो की हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवा.

यातला एक विरोधाभास तर डोळ्यांत भरण्यासारखा आहे. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. लहान व्यवहाराला कागदाचा जाच नको, म्हणून शासनानेच ही सूट दिली. त्या सुटीप्रमाणे माल आणला आणि पुढे वाद उभा राहिला, की विचारले जाते : माल प्रत्यक्ष हलला याचा पुरावा काय? म्हणजे जो कागद बाळगण्याची सक्ती कायद्याने केली नव्हती, त्याचीच उणीव पुढे खरेदीदाराविरुद्ध उभी राहते. एका हाताने सूट द्यायची आणि दुसऱ्या हाताने त्या सुटीचा दंड वसूल करायचा, ही कोणती नीती?

येथे महसूल खात्याचा कैवार घेणारे म्हणतील, की प्राध्यापक महाशय, बोगस बिलांनी सरकारी तिजोरीला किती मोठे भगदाड पडले आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. माल नाही, वाहन नाही, दुकान नाही. नुसते बिल फाडायचे, वजावट घ्यायची आणि पळायचे, असे धंदे राजरोस चालतात. कडक पुरावा मागितला नाही तर ही लूट कशी थांबणार?

लूट चालते हे खरे आहे, आणि ती थांबलीच पाहिजे. तिजोरीत न आलेला तो पैसा शाळेचा, दवाखान्याचा, रोजगार हमीच्या मजुरीचा आहे. तो बुडवणारा आमचा कोणी नव्हे. पण कैवाऱ्यांना एक प्रश्न विचारतो. बोगस बिल करणाऱ्याचे कागद कधी अपुरे असतात काय? त्याचा सारा धंदाच कागदाचा आहे. बीजक, बिल्टी, पोच, करार, बँकेचा उतारा यांतले काही त्याच्याकडे कमी नसते, कारण दुसरे काहीच त्याच्याकडे नसते. जो प्रत्यक्ष माल हाताळतो, ज्याला पावसाच्या आत कापूस उतरवून घ्यायचा असतो, हमाल-मापाऱ्यांची मजुरी भागवायची असते, यंत्र बंद पडले तर धावपळ करायची असते, त्याचेच कागद अर्धवट राहतात. तेव्हा कागद पूर्ण आहेत म्हणून व्यवहार खरा, आणि कागद अपुरे आहेत म्हणून व्यवहार खोटा, हे दोन्ही निष्कर्ष चूक आहेत. कागद वाढवत नेल्याने लबाड गळाला लागत नाही. त्याचा छापखाना तेवढा जास्त चालतो.

मग सत्य शोधायचे कसे? मालातून शोधायचे. जिनिंगच्या धंद्यात तर ते फारच सोपे आहे. रुईची गाठ १७० किलोंची असते. कापसात रुईचा उतारा सुमारे एकतृतीयांश पडतो, बाकी सरकी आणि घट. म्हणजे एका गाठीला ढोबळमानाने पाच क्विंटल कापूस लागतो. जिनिंगमध्ये किती युनिट वीज जळली, किती गाठी बांधल्या, किती सरकी ढेपेच्या कारखान्याला गेली, हंगामात किती मजुरांचा रोज पडला, या गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर कापूस खरोखर आला होता की नुसता कागदावर आला होता, हे एका दिवसात कळते. त्यासाठी अधिकाऱ्याला खुर्चीतून उठून जिनिंगच्या आवारात जावे लागेल, एवढेच. बाजार समितीच्या नोंदी शासनाच्याच देखरेखीखाली आहेत. वीज कंपनी शासनाची आहे. हे पुरावे शासनाच्या मुठीत असताना टेंपोवाल्याची चिठ्ठी मागत बसणे हा तपास नव्हे. तो तपास टाळण्याचा मार्ग आहे.

आता या साऱ्याची किंमत कोण मोजतो, ते आकड्यांत पाहू. समजा, एका लहान जिनिंगवाल्याने नोंदणीकृत मध्यस्थ व्यापाऱ्याकडून १ कोटी रुपयांचा कापूस घेतला आणि त्यावर ५ टक्क्यांनी ५ लाख रुपये कर दिला. भाव क्विंटलला ७ हजार धरला, तर हा सुमारे १,४२८ क्विंटल कापूस झाला. ५ लाखांची वजावट किंवा परतावा एक वर्ष अडकला आणि त्याने खेळते भांडवल १२ टक्क्यांनी उचलले, तर व्याजाचे ६० हजार रुपये, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ४२ रुपये जातात. वजावट कायमची नाकारली, तर क्विंटलमागे सुमारे ३५० रुपये. पुढच्या हंगामात तो काय करील? हा धोका तो भावात धरील आणि हर्रासात तेवढा हात आखडता घेईल. मोठ्या कापडगिरण्यांना आणि निर्यातदारांना रुईचा भाव वाढवून मागण्याची त्याची ताकद नाही. खाली शेतकऱ्याकडे आणि मजुराकडे ढकलण्याची मात्र आहे. परतावा अडकला की पहिला थकतो तो मजुराचा हप्ता, आणि दुसरा शेतकऱ्याचा चुकारा. एकाधिकार खरेदीच्या काळात चुकाऱ्यासाठी खेटे घातलेल्या वऱ्हाडी शेतकऱ्याला सरकारकडे पैसा अडकणे म्हणजे काय, हे नव्याने शिकवायला नको.

दुसरा परिणाम याहून खोल आहे. कागद सांभाळण्याचा खर्च लहान-मोठ्याला जवळपास सारखाच येतो. पण उलाढालीच्या मानाने तो लहानाला जड जातो. मोठ्या कंपनीकडे हिशेबनिसांचा ताफा आहे, वकील आहेत. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी, सहकारी जिनिंग किंवा बचत गटाचे प्रक्रिया केंद्र यांच्याकडे महिन्याकाठी येणारा एक कर सल्लागार असतो. पुराव्याची यादी जितकी लांबेल, तितके खरेदीदार लहान विक्रेत्याला टाळून मोठ्याकडे वळतील, कारण त्याची बीजके संगणकावर हमखास दिसतात. म्हणजे एकही अध्यादेश न काढता, केवळ पुराव्याच्या नियमाने बाजार मूठभरांच्या हाती जातो. मक्तेदारीविरुद्ध ठराव करणाऱ्या पक्षाने तिचा हा आडमार्ग ओळखला पाहिजे.

व्यवस्थेचा कल कोणाकडे आहे, हे पाहण्यासाठी आणखी काही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. नागरिकाने कर थकवला तर त्याला वर्षाला १८ टक्के व्याज. शासनाने परतावा ६० दिवसांहून अधिक थकवला, तर शासनाला ६ टक्के; अपिलात जिंकलेल्या परताव्याला ९ टक्के. एकाच रुपयाचे दोन भाव! परताव्याच्या अर्जात उणीव आढळली तर १५ दिवसांत त्रुटीपत्र द्यायचे. मग अर्ज नव्याने करायचा आणि ६० दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अपील करायचे तर वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरा. आणि त्यापुढचे न्यायाधिकरण? वस्तू व सेवा कर आला जुलै २०१७ मध्ये. त्याच्या अपील न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले २४ सप्टेंबर २०२५ रोजी. मधली आठ वर्षे पहिल्या अपिलात हरलेल्या बाळापूरच्या माणसाला नागपूरच्या खंडपीठाकडे धाव घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. अडीचशे किलोमीटरची ती वाट आणि वकिलाची फी पाहून किती जणांनी आपला हक्क सोडून दिला असेल, याची नोंद कोणत्या संगणकात आहे?

नोटिशीची भाषा हा तर वेगळाच अन्याय. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. पण तालुक्याच्या गावात पोहोचणारी कराची नोटीस बहुधा इंग्रजीत असते. निवृत्तीनंतर माझ्याकडे विद्यार्थ्यांपेक्षा असे कागद वाचून घ्यायला येणारेच अधिक येतात. आपल्यावर कोणता आरोप आहे हे समजण्यासाठी ज्याला दुसऱ्याच्या ओसरीवर जावे लागते, त्याच्याकडून सात प्रकारचे पुरावे मुदतीत मागणे ही क्रूर थट्टा आहे.

आणि थकबाकीदारांसाठी अभय योजना निघतात, त्याही पाहा. २०२३ च्या योजनेत राज्याने जुन्या करांची वर्षाकाठी २ लाख रुपयांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ केली. लहानांना दिलासा मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण वजावट नाकारली गेल्यावर ज्याने नोटिशीला घाबरून, घरातले सोने मोडून कर दुसऱ्यांदा भरून टाकला, त्याच्यासाठी कोणती अभय योजना आहे? ज्याने भरले नाही त्याला माफी आणि ज्याने दोनदा भरले त्याला काही नाही, हा धडा शासन स्वतःच नागरिकाला देत आहे.

अलीकडे वारा किंचित बदललेला दिसतो. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या मूल्यवर्धित कराच्या प्रकरणात, व्यवहाराच्या दिवशी विक्रेता नोंदणीकृत होता आणि बीजके खरी होती, तर विक्रेत्याने कर भरला नाही म्हणून प्रामाणिक खरेदीदाराची वजावट नाकारू नये, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. तो निकाल दिल्लीच्या कायद्यापुरता आहे. पण त्यामागचा न्याय दिल्लीपुरता का राहावा? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने, कच्च्या मालावर जास्त आणि पक्क्या मालावर कमी कर असल्याने साचणाऱ्या परताव्यापैकी ९० टक्के रक्कम तात्पुरती आधी देण्याचे ठरवले. मात्र धोका कोणात आहे हे संगणक ठरवणार. हा संगणक लहान घटकाला, नव्या सहकारी संस्थेला आणि अर्धवट कागदांच्या माणसाला धोक्याच्या रकान्यात टाकणार नाही, याची हमी कोण देणार?

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, पुराव्याचे ओझे वाटून घ्या. खरेदीदाराने आपल्या हातातले चार पुरावे द्यावेत : बीजक, बँकेतून दिलेली रक्कम, साठावहीतील नोंद, आणि व्यवहाराच्या दिवशी विक्रेता नोंदणीकृत होता हे. त्यापुढे संगनमताचा आरोप असेल तर तो खात्याने सिद्ध करावा. दुसरी, विक्रेत्याविरुद्ध वसुलीचे सर्व उपाय थकल्याशिवाय खरेदीदाराला हात लावू नये. तिसरी, अर्जातील साऱ्या त्रुटी एकाच वेळी सांगाव्यात. दुसरे त्रुटीपत्र नसावे. चौथी, शासनाच्या आणि नागरिकाच्या थकबाकीला व्याजाचा दर एकच असावा. पाचवी, नोटीस आणि आदेश मराठीत मिळावेत. सहावी, किती परतावे किती दिवसांपासून अडकले आहेत आणि बुडव्या विक्रेत्यांकडून किती वसुली झाली, याचे जिल्हावार पत्रक दर तिमाहीला प्रसिद्ध व्हावे. यांतली एकही मागणी करबुडव्याला सवलत देणारी नाही. उलट खात्याचे मनुष्यबळ टेंपोची चिठ्ठी तपासण्यातून मोकळे होऊन बोगस बिलांच्या सूत्रधारांकडे वळेल.

कार्यकर्त्यांनी हे काम व्यापारी संघटनांवर सोडून देऊ नये. त्या संघटना परतावा मागतील. पण मिळालेला परतावा मजुरीत आणि भावात उतरावा, हे मागणार नाहीत. ते आपल्याला मागावे लागेल. म्हणून प्रत्येक तालुक्यात सहकारी जिनिंग, उत्पादक कंपन्या, बचत गट आणि लहान प्रक्रिया उद्योग यांची यादी करा. कोणाचा परतावा किती दिवस अडला, कोणती त्रुटी काढली गेली, त्या काळात किती मजुरांचा रोज थकला, हे एका तक्त्यात भरा. हमाल-मापाऱ्यांच्या आणि जिनिंग कामगारांच्या संघटनांना सोबत घ्या. माहितीच्या अधिकारात जिल्हावार आकडे मागा. पाच तालुक्यांची अशी पक्की माहिती हाती आली, तर विधिमंडळात प्रश्न विचारायला आणि कर कार्यालयापुढे धरणे धरायला वेगळा आधार लागणार नाही.

कर हा समाजवादी राज्याचा प्राण आहे, असे आपण मानतो. म्हणूनच तो कसा घेतला जातो, याची चौकशी इतरांपेक्षा आपणच अधिक कठोरपणे केली पाहिजे. प्रामाणिक माणसाकडून एकच कर दोनदा घेणारे राज्य लोकांच्या मनातून कराविषयीची निष्ठाच काढून घेते, आणि ती निष्ठा एकदा गेली, की शाळा-दवाखान्यांसाठी कर वाढवा, असे म्हणायला आपण कोणत्या तोंडाने लोकांपुढे जाणार?